पंगतीत उपाशी एक्स

सरांकडून परत आलेल्या प्रुफाच्या अकराव्या पानावर एका एक्सभोवती लाल पेनानं वर्तुळ काढलेलं होतं आणि समासात एकच शब्द होता: 'उपाशी?'

समीकरण बरोबर होतं. मी दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा सरांच्या हस्तलिखिताशी ताडून पाहिलं. चिन्हं, घातांक, कंस, सगळं जागच्या जागी. शेवटी फोन केला. "अगं, चूक आहे असं कुठे म्हणालो मी?" सर म्हणाले. "पंगतीत सगळे पोटभर जेवून बसलेत आणि मधेच एकाची एकादशी आहे, असं दिसतंय ते. पान जरा लांब धर आणि डोळे बारीक करून बघ."

लांब धरलं. मराठी मजकूर काळाभोर, सगळीकडे सारख्या जाडीचा. आणि जिथे जिथे समीकरण होतं तिथे पान फिकट पडलेलं, धुऊन धुऊन विरलेल्या चादरीसारखं. एकदा दिसल्यावर ते दिसेनासं होईना. त्या रात्री मी शंभर पानं अशीच लांब धरून पाहिली.

सर मला अकरावी-बारावीला गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी बीजगणितापासून कलनापर्यंत नेणारी एक पुस्तिका मराठीत लिहिली, आणि मी दिवसा सॉफ्टवेअर तपासते नि रात्री हौसेनं पुस्तकं जुळवते हे कळल्यावर ती माझ्या हवाली केली. मला वाटलं होतं महिन्याभरात उरकेल. मजकुरासाठी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फाँट घेतला, गणितासाठी लाटेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम आपोआप जे देतो ते तसंच राहू दिलं. झालं काम, म्हटलं.

लाटेक आपोआप जो फाँट देतो त्याचं नाव कॉम्प्युटर मॉडर्न, किंवा त्याचाच नवा अवतार. गणिताचा कुठलाही शोधनिबंध उघडा, तेच ते बारीक कंबरेचं अक्षर. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांच्या हाती १९७७ साली त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पडली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांवर, मोनोटाइपवर जुळवलेली, नवी फोटोटाइपसेटिंगची. ती पाहून ते इतके खट्टू झाले की पुस्तक बाजूला ठेवून आधी अक्षरजुळणीची व्यवस्थाच लिहायला बसले. थोडक्यात आटपेल असं वाटलेलं ते काम जवळजवळ दहा वर्षं पुरलं. त्यातून निघालं जुळणीसाठी टेक (लाटेक त्याच्यावरच उभा आहे), अक्षरं काढण्यासाठी मेटाफाँट, आणि मेटाफाँटमधून काढलेला कॉम्प्युटर मॉडर्न. नमुना होता जुन्या पुस्तकांतला मोनोटाइपचा मॉडर्न एक्स्टेंडेड ८ ए. त्या घराण्याची रीतच अशी की उभी रेघ जाड आणि जोडरेघ केसाएवढी. शिशाचा खिळा कागदावर दाबला की शाई थोडी पसरते आणि केसाला अंग येतं. लेझर प्रिंटरच्या कागदावर किंवा पडद्यावर शाई पसरत नाही. केस केसच राहतो.

आणि 'मुक्त'च्या अक्षरात केस नाहीतच. सगळ्या रेघा जवळजवळ एका जाडीच्या. सरांची एकादशी ती हीच.

पहिला उपाय मी अगदीच आळशी केला. मुक्तची सात वजनं, म्हणजे रेघेच्या जाडीच्या सात पायऱ्या, मिळतात, म्हणून मजकूरच एक पायरी हलका केला. समीकरणं उपाशी आहेत तर सगळ्यांनाच अर्धपोटी ठेवू. सरांनी दोन पानं वाचून चष्मा काढला. "माझ्या वयाच्या माणसाला हे वाचायला दिवसाउजेडी गच्चीवर बसावं लागेल."

दुसरा उपाय कुणालाही सुचेल असा. मराठी फाँटात इंग्रजी अक्षरंही असतातच की. त्याच हाताची, त्याच वजनाची. मग तीच समीकरणात का नाही घालायची? मी घातली. नुसता एक्स एकटा असेपर्यंत छान दिसलं. पुढे मात्र एकेक गंमत सुरू झाली. एफच्या पोटात कंस घुसला. वीचा तळटीपेएवढा अंक वीपासून लांब जाऊन उभा राहिला, जणू भांडण झालंय. वर्गमुळाचं छप्पर एका फाँटातून आलं आणि भिंत दुसऱ्या.

तेव्हा समजलं की गणिताचा फाँट म्हणजे मजकुराच्या फाँटाला अधिक-उणे जोडून होत नाही. मजकुरातलं अक्षर शेजाऱ्याच्या गळ्यात गळा घालून उभं राहायला शिकलेलं असतं. गणितातलं अक्षर एकटं राहतं. इंग्रजीत 'डिफ' हा शब्द तिरक्या अक्षरांत लिहिला तर डी, आय, एफ, एफ एकमेकांना चिकटून यायला हवेत. पण डी गुणिले आय गुणिले एफ गुणिले एफ असेल तर प्रत्येकाला स्वतःचं अंगण लागतं. म्हणून कॉम्प्युटर मॉडर्नमध्ये मजकुराचं तिरकं वळण वेगळं आणि गणिताचं तिरकं वळण वेगळं आहे. गणिताचं जरा रुंद, ऐसपैस. शिवाय घातांकासाठी दहा पॉइंटचं अक्षर आकसून चालत नाही. सात पॉइंटचं नि पाच पॉइंटचं अक्षर तिथे मुळातून निराळं काढलेलं आहे, थोडं जाड, थोडं पसरट, म्हणजे घातांकाचा घातांकही वाचता यावा.

एवढ्यावर भागत नाही. टेकला चिन्हांच्या फाँटाबरोबर निदान २२ मापं लागतात आणि मोठ्या कंसांच्या फाँटाबरोबर १३. घातांक किती वर चढवायचा, छेद किती खाली उतरवायचा, अपूर्णांकाची रेघ किती जाड. यातलं मला सगळ्यात आवडलेलं माप म्हणजे अक्ष. पायरेघेच्या थोडी वर एक अदृश्य आडवी रेषा असते. अधिकचं चिन्ह, वजाचं चिन्ह, बरोबरचं चिन्ह, अपूर्णांकाची रेघ, मोठे कंस, सगळे तिच्यावर कंबर टेकून असतात. वजा एका फाँटातून घेतला, आकडे दुसऱ्यातून, आणि दोघांचे अक्ष जमले नाहीत तर वजा तरंगतो किंवा बुडतो. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नसतो, पण प्रत्येक ओळीत डोळा ठेचकाळतो.

मी हे सगळं फोनवर सरांना उत्साहानं सांगत होते. सर म्हणाले, त्यांच्या तरुणपणी पहिलं मार्गदर्शक पुस्तक छापलं तेव्हा छापखान्यात इंग्रजी तिरक्या खिळ्यांची एकच पेटी होती, तीही अर्धी रिकामी. तिसऱ्या पानावर एक्स संपला. जुळाऱ्यानं गुणाकाराचं चिन्ह लावून काम पुढे रेटलं. मुलांनी वर्षभर एक्सच्या जागी गुणाकार वाचला. "तू अक्षाचं काय सांगतेस," सर म्हणाले.

ते खरं असलं तरी मला एक प्रश्न मिळाला. एक्स तिरका का असतो?

इंग्रजी मजकुरात याचं उत्तर सोपं आहे. 'ए' हे अक्षर तिथे शब्दही आहे आणि चलही. 'आय' म्हणजे मी आणि 'आय' म्हणजे उणे एकाचं वर्गमूळ. सरळ अक्षरांच्या गर्दीत चल ओळखू यावा म्हणून त्याला तिरपं केलं. बरं, मराठी वाक्यात तो एक्स मुळातच परक्या लिपीतला. डोक्यावर शिरोरेषा नाही, खाली पाय टेकून बसलेला. त्याला ओळखायला तिरपं करण्याची गरजच काय? देवनागरीला तिरक्या वळणाची परंपरा नाही. संगणकावर 'इटॅलिक'चं बटण दाबलं की अक्षरं नुसती वाऱ्यानं कललेली दिसतात. मग सगळं पान ताठ उभं आणि त्यात ठिकठिकाणी कललेले एक्स-वाय, असं का असावं? इंग्रजीची ती गरज होती आणि आपण ती सवय म्हणून उचलली. माझं हे मत आहे, आणि त्यावर मी सरांशी तीन संध्याकाळी भांडले आहे.

मग ताठ गणिताचा शोध सुरू झाला आणि ऑयलर नावाचा फाँट सापडला. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीसाठी हेरमान त्साफ यांनी तो १९८०च्या दशकात क्नुथ यांच्या साथीनं काढला. त्साफ हे पॅलाटिनो या फाँटाचे कर्ते आणि हाडाचे सुलेखनकार. कल्पना अशी की सुंदर हस्ताक्षराचा गणिती फळ्यावर लिहील तसं गणित छापावं, म्हणून अक्षरं हाताची पण सरळ उभी. गणिती ऑयलरचं नाव त्याला दिलं. क्नुथ यांनी दोन सहलेखकांबरोबर लिहिलेल्या 'काँक्रीट मॅथेमॅटिक्स' या १९८९च्या पुस्तकात तो पहिल्यांदा पुस्तकभर वापरला. तिथली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कॉम्प्युटर मॉडर्नचा मजकूर ऑयलरशेजारी फिका पडत होता, म्हणजे सरांची एकादशीच, फक्त उलट्या बाजूनं. तेव्हा क्नुथ यांनी ऑयलरला हात लावला नाही. मेटाफाँटमधले आकडे बदलून त्याच कॉम्प्युटर मॉडर्नमधून एक दणकट मजकुराचा फाँट काढला, काँक्रीट रोमन. पाहुण्यासाठी घर रंगवलं. त्यांना ते जमलं कारण अक्षराच्या साठाहून अधिक दोऱ्या त्यांच्या हातात होत्या. माझ्या हातात 'मुक्त' होता, जड किंवा हलका.

म्हणून घरच बदललं. पवईच्या आयआयटी मुंबईत तयार झालेला 'शोभिका' हा देवनागरी फाँट मजकुरासाठी घेतला. जाड-बारीक रेघांचा, जुन्या संस्कृत पोथ्यांची आठवण करून देणारा. इथे मला धाकधूक होती. देवनागरीचा बोरू ज्या बाजूनं तिरपा कापतात, रोमन लेखणी त्याच्या उलट. आपलं अक्षर जिथे जाड होतं तिथे त्यांचं बारीक. ऑयलर तर लेखणीचाच. पण छापून पाहिल्यावर दोघं शेजारी बरे नांदले. जाडीची दिशा वेगळी असली तरी दोन्हींत हात दिसतो, आणि काळेपणा जुळतो. लांबून पाहिलं तर पान एकसंध. मी ते भिंतीला चिकटवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले, आणि आईनं विचारलं, "हे काय चाललंय?"

उंचीचं मात्र अजूनही पूर्ण जमलेलं नाही, हे कबूल करते. रोमन लहान अक्षराची उंची शिरोरेषेला भिडवली तर मोठी अक्षरं ताडमाड होऊन मात्रांच्या वर डोकावतात. मोठी अक्षरं शिरोरेषेला भिडवली तर लहान अक्षरं शेंगदाण्याएवढी. आपली लिपी वरून टांगलेली, त्यांची खाली बसलेली. दोघांच्या डोक्यांना एक छत कसं मिळणार? मी मधलं काहीतरी धरलं. मोजपट्टीनं धरलं नाही, आठ-दहा प्रिंट काढून नजरेनं धरलं.

ऑयलर सरांना पटला, पण त्याच्या शून्याला डोक्यावर टोक आहे. "शून्याला शेंडी कशाला?" असं त्यांनी सातव्या पानावर लिहिलं, पुन्हा बाविसाव्यावर लिहिलं, आणि मग सोडून दिलं.

खरी फजिती पहिल्या प्रकरणात झाली. सरांचा हट्ट होता की अज्ञात राशीची ओळख तरी 'क्ष'नं व्हायची. ते शाळेत तसंच शिकले, आणि क्ष-किरणात तो एक्सच्या जागी आजही आहेच. मी समीकरणात क्ष टाइप केला आणि कागदावर आला पाय मोडलेला क आणि शेजारी अलिप्त ष. टेकचं गणित-दालन प्रत्येक अक्षराला एकटं मानतं हे वर सांगितलंच. आणि युनिकोडमध्ये क्ष हे एक अक्षर नाही. क, हलन्त आणि ष अशा तीन खुणा आहेत, त्यांना जोडून क्ष करणं हे फाँटाचं मजकुरातलं काम. गणिताच्या दालनात ते जोडकाम बंद असतं. म्हणजे रोमन एक्सला जे स्वातंत्र्य दिलंय त्याच स्वातंत्र्यानं क्षचा घटस्फोट होतो. उपाय किरकोळ आहे, प्रत्येक क्षला मजकुराच्या डबीत बंद करून समीकरणात ठेवायचा. पण दोनशे डब्या बांधताना मनात येत राहिलं की या लिपीत बीजगणित काही काल-परवा आलेलं नाही.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशी म्हणजे यावत्तावत्, आणि एकाहून जास्त असल्या तर कालक, नीलक, पीतक, लोहितक असे रंग. लिहिताना पहिलं अक्षर: या, का, नी, पी, लो. वर्गाला व, घनाला घ, नुसत्या संख्येला रूप म्हणून रू. 'याव १ या ५ रू ६' हे बाराव्या शतकात धडधडीत समीकरणाचं अंग होतं. चल एका अक्षराचा नव्हता, एका उच्चाराचा होता, मात्रेसकट. तिथे ऋण संख्या दाखवायला आकड्याच्या डोक्यावर टिंब देत. हे वाचून मी सरांना म्हटलं, आपण आज टिंब दिलं तर काय होईल? न्यूटनच्या पद्धतीनं कालसापेक्ष वेग दाखवायला अक्षरावर टिंब देतात. 'क'चा वेग 'कं' होईल. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते तळटीपेत घालायला लावलं. मला अजूनही ती तळटीप नको होती असं वाटतं.

आकड्यांवरून वाद झाला नाही, पण घोळ झाला. ठरलं असं: मजकुरात मराठी आकडे, समीकरणात इंग्रजी. ऐकायला स्वच्छ. पण 'तीनपेक्षा मोठी कोणतीही मूळ संख्या घ्या' या वाक्यातला तीन आकड्यात लिहिला तर तो मजकुराचा की गणिताचा? उदाहरण ३ मधला तीन नक्कीच मराठी. उत्तर तीन आलं तर? इंग्रजी पुस्तक जुळवणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण दोन्हीकडचा तीन बहुतेक सारखाच दिसतो. मला प्रत्येक तीनपाशी थांबून विचारावं लागलं, तू मोजतोयस की नुसता क्रमांक आहेस? घातांकात मराठी आकडे घालून पाहिले होते, पण देवनागरीला पाच पॉइंटचं वेगळं अक्षर कुणी काढून ठेवलेलं नाही. त्या मापाला १ आणि ९ भाऊ-भाऊ दिसतात.

अपूर्णांकाचा त्रास तर मला स्वप्नातही सुचला नसता. 'वेग म्हणजे अंतर भागिले वेळ' हे सरांना शब्दांतच लिहायचं होतं, वर अंतर, मधे रेघ, खाली वेळ. जुळवलं, तर रेघेच्या खाली लगेच 'वेळ'ची शिरोरेषा. दोन समांतर रेघा, एक गणिताची आणि एक मराठीची, दोन्हींची जाडी जवळपास सारखी. बँकेच्या बेरजेखाली मारतात तशी दुहेरी रेघ दिसू लागली. रोमन लिपीत छेदातल्या अक्षरांना डोक्यावर रेघ नसते, म्हणून मापं तशी बेतलेली. मी प्रत्येक मराठी छेदाच्या डोक्यावर एक अदृश्य टेकू उभा केला आणि त्याला खाली दाबलं. अंशाकडे उलट झालं. तिथे 'अंतर'च्या पायाशी रेघ आधीच पुरेशी लांब होती. मग वरची फट आणि खालची फट सारखी दिसावी म्हणून वरचीही थोडी वाढवली. दोन फटी मोजून सारख्या केल्या की नजरेला त्या सारख्या दिसत नाहीत, हा वेगळाच मनस्ताप.

सगळं संपलं असं वाटताना आकृत्यांनी दगा दिला. आलेख मी दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये काढलेले, त्यांवरची अक्षरं तिसऱ्याच फाँटात, आणि अर्थातच तिरकी. गणिताची तिरकी अक्षरं युनिकोडमध्ये २००१ साली स्वतंत्र जागा मिळवून बसली आहेत, पण तिरक्या एचची जागा त्या रांगेत रिकामी आहे, कारण तो प्लँकचा स्थिरांक म्हणून आधीच दुसरीकडे राहायला गेलेला. माझ्या एका आलेखावर सगळी अक्षरं आली आणि एचच्या जागी चौकोन आला. तो चौकोन सरांच्या नजरेतून सुटला नाही. मी पुरी दुपार घालवून सतरा आकृत्यांवरची अक्षरं पुन्हा लिहिली.

पुस्तिका गेल्या दिवाळीआधी छापून झाली. सरांनी पहिली प्रत हातात घेतली, अकरावं पान उघडलं, हात ताठ करून पान लांब धरलं आणि नुसतं "हं" म्हणाले.

आता त्यांनी भूमितीचं हस्तलिखित दिलंय. अट एकच. त्रिकोण 'अबक'च हवा, रोमन अक्षरांचा नाही, कारण अबक त्रिकोण ही मराठी माणसाची भूमितीची पहिली आठवण. मला ते कबूल आहे. आकृतीत अ, ब, क सुरेख दिसतात, शिरोरेषेसकट. पण पाचव्या प्रकरणात सरांना 'ज्या-नियम', म्हणजे साइन रूल, लिहायचाय. तिथे मोठ्या एसमोरची बाजू लहान ए, मोठ्या बीसमोरची लहान बी, अशी सगळी गंमत मोठ्या-लहान अक्षरांवर चालते. आपल्या 'अ'ला ना मोठं रूप ना लहान. बाजूला शिरोरेषेशिवायचा अ वापरावा असं मी सुचवलं. सर म्हणाले, बोडका अ मी छापू देणार नाही. मी म्हटलं, मग बाजूला 'कोन अ समोरील' असं लिहू. "प्रत्येक ओळीत?" सरांनी विचारलं, हस्तलिखित माझ्याकडे सरकवलं आणि चहा टाकायला आत गेले.